सीसीआयईचा अभ्यास दोन-अडीच वर्षं टिकवायचा कसा? प्लॅन बनवायच्या आधी हे समजून घ्या

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जवळपास सहा तास बंद होतं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. तेव्हा सर्व्हर जळाले नव्हते आणि कुणी हॅकही केलं नव्हतं. देखभालीचं काम चालू असताना एक कमांड दिली गेली, त्या कमांडने कंपनीची डेटा सेंटर्स एकमेकांना जोडणारं नेटवर्कच खाली आणलं, आणि ते बघून त्यांच्या डीएनएस सर्व्हरनी, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या मशीन्सनी, "आमच्याकडे यायचं तर इकडून या" असं बाकीच्या इंटरनेटला सांगणं थांबवलं. झालं, उरलेल्या जगासाठी ती कंपनी गायब. हे रस्ते एकमेकांना सांगायची जी पद्धत आहे तिला बीजीपी म्हणतात, आणि ती जगातल्या सगळ्या मोठ्या नेटवर्कना एकत्र बांधून ठेवते.

असं काही बातम्यांत आलं की लोक विचारतात, एवढ्या मोठ्या कंपनीत असं होतंच कसं? पण मला वाटतं त्याच्याही आधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, की हे सगळं ज्यांना कळतं ती माणसं हे शिकतात कशी आणि किती दिवसांत. त्याचा एक ओळखीचा रस्ता म्हणजे सीसीआयई ही परीक्षा. ज्यांच्या घरात कुणी तिचा अभ्यास करतंय त्यांना हेच कळत नाही की एका परीक्षेला दोन-दोन वर्षं कशाला लागतात. आणि जे अभ्यासाला बसतात त्यातले खूप जण अर्ध्यात सोडतात, चांगले हुशार, कामात पक्के असलेले लोक सोडतात, आणि माझ्या मते त्याचं मोठं कारण प्लॅनमध्येच असतं. पुढे काय वाचायचं याचा प्लॅन सगळे करतात, वाचलेलं टिकवायचं कसं याचा प्लॅन कुणी करत नाही. हा सगळा लेख त्या एका गोष्टीभोवती आहे.

आधी ही परीक्षा काय आहे ते

सिस्को ही राउटर आणि स्विच बनवणारी मोठी कंपनी. राउटर म्हणजे वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये माहिती कुठल्या रस्त्याने जाईल ते ठरवणारं यंत्र, आणि स्विच म्हणजे एकाच नेटवर्कमधली मशीन्स जोडणारं. सीसीआयई ही सिस्कोची तज्ज्ञ पातळीची परीक्षा, १९९३ पासून चालू आहे. पास झालेल्याला एक नंबर मिळतो आणि तो नंबर १०२५ पासून सुरू झाला, कारण १०२४ हा आकडा परीक्षा घेणाऱ्या लॅबलाच दिलेला होता. सुरुवातीला लॅब दोन दिवसांची असायची, २००१ पासून ती एका दिवसाची झाली.

फेब्रुवारी २०२० मध्ये सिस्कोने सगळ्या परीक्षांची मांडणी बदलली. आता दोन टप्पे आहेत. पहिली कोअर परीक्षा, कॉम्प्युटरवर प्रश्नोत्तरं, एंटरप्राइझ, म्हणजे कंपन्यांच्या नेटवर्कच्या, शाखेत तिला एनकोर म्हणतात आणि ती १२० मिनिटांची असते. दुसरी लॅब, आठ तास, प्रत्यक्ष काम. लॅबचे पण दोन भाग. पहिले तीन तास डिझाइन, यात यंत्राला हातही लावायचा नसतो, एका कंपनीची परिस्थिती दिलेली असते, ईमेल असतात, कागदपत्रं असतात, ते वाचून निर्णय घ्यायचे, आणि पुढच्या प्रश्नावर गेलात की मागे येता येत नाही. नंतरचे पाच तास नेटवर्क उभं करायचं, चालवायचं, बिघाड शोधायचे आणि सुधारायचं. दोन्ही भागांत किमान गुण लागतात आणि एकूणही लागतात, म्हणजे एकात भरपूर मिळवून दुसऱ्यातली कमी भरून काढू असं चालत नाही.

परीक्षेला बसायला डिग्रीची किंवा खालच्या परीक्षेची अट नाही. सिस्को सुचवते ते पाच ते सात वर्षांच्या अनुभवाचं. अट नसली तरी हा आकडा गंभीरपणे घ्या.

पण एवढा वेळ लागतो कशाला?

विषय खूप आहेत हे एक कारण झालं, पण ते खरं कारण नाही. विषयांची यादी, जिला ब्लूप्रिंट म्हणतात, ती कुणीही डाउनलोड करून बघू शकतं आणि त्यातला एकेक विषय सुटा घेतला तर फार भयंकर नाही. वेळ जातो तो विषय एकमेकांना भिडतात तिथे.

एक उदाहरण नीट बघू. नेटवर्कमध्ये राउटर आपसात रस्त्यांची माहिती देतात, त्यासाठी ओएसपीएफ आणि ईआयजीआरपी अशा दोन भाषा आहेत असं धरा. एका कंपनीने दुसरी विकत घेतली, एकीकडे ओएसपीएफ आणि दुसरीकडे ईआयजीआरपी, आता दोन्ही जोडायच्या. सीमेवर दोन राउटर ठेवले, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून, आणि दोघांनाही सांगितलं की इकडची माहिती तिकडे द्या आणि तिकडची इकडे. ऐकायला अगदी शहाणपणाचं वाटतं. पण राउटरला एकाच ठिकाणचा रस्ता दोन भाषांतून कळला तर कुणावर विश्वास ठेवायचा याचे आकडे ठरलेले असतात, आकडा जितका लहान तितका विश्वास जास्त. ओएसपीएफचा आकडा ११०, आणि बाहेरून ईआयजीआरपीत आलेल्या रस्त्याचा १७०. मग होतं काय, की पहिला राउटर तो १७० वाला रस्ता ओएसपीएफमध्ये टाकतो, दुसऱ्याला तो ओएसपीएफकडून ११० ने ऐकू येतो, तो आपला खरा जवळचा रस्ता सोडून या उलट्या बातमीवर विश्वास ठेवतो आणि वर तीच बातमी परत ईआयजीआरपीमध्ये ढकलतो. आता माहिती गोल फिरायला लागली. कुठेही एरर नाही, लाल दिवा नाही, दोन्ही राउटर अगदी नियमाप्रमाणे वागतायत आणि नेटवर्क मात्र बसलंय.

उपाय आहे. सीमेवरून जाणाऱ्या प्रत्येक रस्त्याला एक खूण लावायची, तिला टॅग म्हणतात, आणि ती खूण असलेला रस्ता परत आत घ्यायचा नाही. वाचायला दोन मिनिटं लागली असतील. पण आठ तासांच्या परीक्षेत, वीसेक यंत्रांच्या गोंधळात, आपल्यासमोर आत्ता हेच चाललंय हे ओळखणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती हे आधी पुष्कळदा स्वतःच्या हाताने बिघडवून आणि दुरुस्त करून झालं असेल तरच जमते. असे विषयांचे सांधे शेकड्यांनी आहेत. वेळ तिथे जातो.

टाकीला खाली भोक आहे

आता मुख्य मुद्दा. मोठा अभ्यास म्हणजे खालून गळणारी टाकी भरायची. वरून नळ सोडलाय, तो नवा विषय. खालून थेंब थेंब जातंय, ते विसरणं. सुरुवातीला टाकीत पाणीच कमी असतं त्यामुळे गळतीही कमी वाटते आणि आपण खूश असतो, पातळी भराभर वर येतेय. पण जसं पाणी वाढतं तसा खालचा दाब वाढतो आणि गळतीही वाढते, आणि एक दिवस असा येतो की नळ तेवढाच चालू आहे, तुम्ही तेवढेच तास बसताय, पण पातळी तिथल्या तिथे. सात-आठ महिन्यांनी लोक म्हणतात ना, की मल्टिकास्ट हा विषय शिकतोय तोवर बीजीपी गेलं आणि बीजीपी परत केलं तर स्पॅनिंग ट्री हा विषय गेला, ते हेच. मग माणूस स्वतःच्या बुद्धीला दोष देतो आणि सोडून देतो.

बुद्धीचा यात काही संबंध नाही. विसरण्याचा वेग हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच मोजून ठेवलाय, स्वतःवरच प्रयोग करून, आणि उजळणी नसेल तर शिकलेल्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच जातो हे त्यात दिसलं.

भोक पूर्ण बुजत नाही, लहान करता येतं. कसं, तेही संशोधनातून कळलंय. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, त्यांना ८३ टक्के आठवलं आणि दुसऱ्यांना ७१. पण एका आठवड्याने चित्र उलटं झालं, वाचणारे ४० टक्क्यांवर आले आणि आठवून लिहिणारे ६१ वर. हे आकडे मी मुद्दाम दिले, कारण यात एक फसवणूक लपली आहे. वाचून झाल्यावर लगेच "आलं मला" असं जे वाटतं ते त्या क्षणी खरंच असतं, ८३ टक्के असतं, म्हणून आपण वाचतच राहतो, व्हिडिओ बघतच राहतो, आणि आठवडाभराने टाकी रिकामी.

दुसरी गोष्ट म्हणजे उजळणी कधी करायची. २००८ च्या एका अभ्यासात तेराशेहून जास्त लोकांवर हे तपासलं होतं आणि परीक्षा जितकी लांब तितकं दोन उजळण्यांतलं अंतर जास्त ठेवलेलं बरं असं दिसलं. आठवड्याने परीक्षा असेल तर एका दिवसाचं अंतर सगळ्यात चांगलं निघालं आणि साधारण वर्षाने असेल तर तीन आठवड्यांचं. म्हणजे आज शिकलेलं उद्या लगेच परत वाचून काढणं हा आपल्यासाठी वेळेचा चांगला वापर नाही, थोडं विसरायला लागल्यावर ओढून आठवायचं, त्रास होतो, होऊ दे, त्याच त्रासाने ते बसतं.

तारीख आधी ठरवू नका, तास ठरवा

बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात. पुढच्या वर्षी अमुक महिन्यात लॅब द्यायची असं ठरवतात आणि मागे मागे मोजत येतात, या महिन्यात हे आणि त्या महिन्यात ते, रंगीत तक्ता तयार. दोन महिन्यांत तक्ता मागे पडतो आणि मग तो उघडायचीच भीती वाटते.

माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज नेहमीच कमी धरतो, हे पण मोजलेलं आहे. १९९४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. मग विचारलं, सगळं बिघडत गेलं तर? त्यावर ४९ च्या आसपास. प्रत्यक्षात सरासरी लागले ५५ पेक्षा जास्त. म्हणजे "सगळं बिघडलं तर" हा अंदाजसुद्धा कमी पडला, आणि ते काम दोनेक महिन्यांचं होतं, आपलं वर्षांचं आहे.

म्हणून हिशेब असा करा. प्रामाणिकपणे बघा आठवड्याला किती तास निघतात, चांगल्या आठवड्यात नाही, साध्या आठवड्यात, जेव्हा ऑफिसमध्ये पण काम आहे आणि घरी पण आहे. समजा दहा. एकूण हजार तास धरू, हा मी हिशेबापुरता घेतलेला आकडा आहे, अनुभव असेल त्याला कमी लागतील नसेल त्याला जास्त. हजार भागिले दहा म्हणजे शंभर आठवडे, म्हणजे दोन वर्षांना थोडं कमी असं कागदावर दिसतं. पण वर्षातले बावन्नच्या बावन्न आठवडे कुणालाच मिळत नाहीत, आजारपण येतं, प्रोजेक्टची डेडलाइन येते, रात्रभर नेटवर्क बदलायची कामं येतात, घरातलं कार्य येतं. चाळीस धरा. मग अडीच वर्षं. हा आकडा बघून पोटात गोळा येतो हे मला माहितीय, तरी तो आत्ता येऊ दे, कारण अडीच वर्षांचा प्लॅन केलेला माणूस एखादा महिना बुडाला तरी परत येऊन बसतो, आणि एका वर्षाचा केलेला माणूस सातव्या महिन्यात मोडतो.

आणि यातला निम्मा वेळ मागच्यासाठी. दहातले पाच तास नवं, पाच तास जुनं. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत जुनं कमी असतं तेव्हा सात-तीन चालेल, शेवटच्या सहा महिन्यांत दोन-आठ करावं लागेल. कितीही घाई असली तरी जुन्याचे तास नव्याला देऊ नका. मला या विषयावर एकच वाक्य सांगायला दिलं तर मी हे सांगेन.

मग एक आठवडा दिसतो कसा

कामाच्या दिवशी सकाळी एकेक तास, पाच दिवस. पहिली पंधरा मिनिटं कोरा कागद आणि पेन, तीन आठवड्यांपूर्वीचा विषय, काहीही न उघडता लिहायचा. ओएसपीएफचे शेजारी राउटर कुठकुठल्या अवस्थांतून जातात, कुठल्या गोष्टी दोन्हीकडे जुळाव्याच लागतात, जुळल्या नाहीत तर कुठे अडकतं. अडलात तर अडलेल्या जागी चौकोन काढा आणि पुढे जा. मग उरलेला वेळ नव्या विषयाला. आकडे, डीफॉल्ट टायमर, कमांडचे बारीक फरक, यासाठी अंकीसारखं कार्डांचं ॲप वापरा, ते किती दिवसांनी विचारायचं ते स्वतः ठरवतं, आणि हे प्रवासात किंवा कुठे वाट बघताना होतं. पण कार्डं स्वतः बनवा, दुसऱ्याची उतरवलेली कार्डं म्हणजे दुसऱ्याला काय आठवत नव्हतं त्याची यादी.

सुट्टीच्या दिवशी एक लांब बैठक, चार-पाच तास, फोन दुसऱ्या खोलीत. ही बैठक सगळ्यात महत्त्वाची, कारण लॅब आठ तासांची आहे आणि तासाभराच्या तुकड्यांत अभ्यास केलेल्या डोक्याला तिसऱ्या तासानंतर काय करायचं हेच माहिती नसतं. या बैठकीत नेटवर्क शून्यापासून उभारायचं, जुनी फाइल लोड करायची नाही. आणि मग ते मोडायचं.

मोडायचं म्हणजे काय ते सांगतो. दोन राउटर ओएसपीएफने जोडलेले, छान चाललेत. एका बाजूला एमटीयू, म्हणजे एका वेळी माहितीचं किती मोठं पाकीट जाऊ शकतं ती मर्यादा, १५०० ची १४०० करा आणि ओएसपीएफ परत सुरू करा. आता एका राउटरवरून दुसऱ्याला पिंग करून, म्हणजे तिथपर्यंत पोहोचतंय का याची चाचणी करून बघा, जातं. हॅलो पाकिटं जातात, दोघं एकमेकांना ओळखतातही. तरी शेजार पूर्ण होत नाही, एक एक्सस्टार्ट नावाच्या अवस्थेत अडकलेला दिसतो आणि दुसरा एक्स्चेंजमध्ये. कारण असं की यानंतर जी माहितीची यादी एकमेकांना पाठवतात तिच्यात पाठवणारा आपला एमटीयू लिहितो, आणि समोरच्याचा आकडा आपल्यापेक्षा मोठा दिसला की लहान एमटीयूवाला राउटर ती यादी घेतच नाही. हे एकदा स्वतः केलं, डीबग लावून ते पाकीट नाकारलेलं डोळ्यांनी बघितलं, की आयुष्यात एक्सस्टार्ट हा शब्द दिसला तर पहिला हात एमटीयूकडे जाईल. पुस्तकात ही एक ओळ असते, ती वाचून हात तिकडे जात नाही.

एक वही ठेवा चुकांची. कुठल्या लॅबमध्ये काय चुकलं, लक्षण काय दिसलं, खरं कारण काय निघालं आणि शोधायला किती वेळ लागला. ही वही जाड होत जाते आणि शेवटच्या तीन महिन्यांत तुमचं मुख्य पुस्तक तीच असते.

लॅबसाठी यंत्रं कुठून आणायची?

विकत घ्यायची गरज नाही. बहुतेक सगळं आता सॉफ्टवेअरमध्ये चालतं, जीएनएस३ आहे, ईव्ह-एनजी आहे, सिस्कोचं स्वतःचं सिस्को मॉडेलिंग लॅब्ज आहे आणि त्याची पाच यंत्रांपर्यंतची मोफत आवृत्तीही आहे. सुरुवातीचे कित्येक महिने पाच राउटर पुरतात, वर सांगितलेली दोन्ही उदाहरणं त्यात होतात. एसडी-वॅन, म्हणजे लांबलांबच्या शाखा सॉफ्टवेअरने जोडणं, अशा विषयांना जास्त मेमरीचं मशीन लागतं, ते भाड्याच्या सर्व्हरवर गरजेपुरतं घ्या. लॅब कशी उभारायची यावर महिनाच्या महिना घालवणारे लोक आहेत, तसं करू नका.

कोअर परीक्षा कधी द्यायची

इथे एक नियम प्लॅनवर थेट परिणाम करतो. कोअर पास झाल्यापासून तीन वर्षांच्या आत लॅब द्यावी लागते. घाईघाईत कोअर उरकली आणि मग वर्षभर थांबलात तर घड्याळ चालूच असतं. आणि उलट, कोअर शेवटपर्यंत लांबवली तर मध्ये कुठलाच टप्पा हाताला लागत नाही आणि अडीच वर्षं काही न मिळता काढणं मनाला फार जड जातं. मी म्हणेन की वर्षभराच्या आसपास कोअर द्या. ती पास झाल्यावर एक स्पेशालिस्ट प्रमाणपत्र मिळतं, आणि अजून एक जोडपरीक्षा दिलीत की सीसीएनपी, म्हणजे सीसीआयईच्या खालच्या पातळीचं प्रमाणपत्र, होतं. एंटरप्राइझवाल्यांनी जोडपरीक्षा एनार्सी घ्यावी, त्यात प्रगत राउटिंग आहे, तो सगळा अभ्यास लॅबमध्ये कामाला येतो.

ब्लूप्रिंटमधली टक्केवारी पण बघा. एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चर लॅबच्या १.१ आवृत्तीत नेटवर्क इन्फ्रास्ट्रक्चर, म्हणजे स्विचिंग आणि राउटिंगचा पाया, ३० टक्के आहे, सॉफ्टवेअरने चालणाऱ्या नेटवर्कला २५ आणि ऑटोमेशनला १५. जुने नेटवर्कवाले पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि एपीआय, म्हणजे प्रोग्रामने यंत्राशी बोलायची सोय, शेवटच्या महिन्यावर ढकलतात कारण ते परकं वाटतं. ते पहिल्या वर्षातच आठवड्याला एक तास घेत रहा.

"एआय कॉन्फिग लिहून देतं, मग हे कशाला शिकायचं?"

हा प्रश्न आता प्रत्येक जण विचारतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीये. एका यंत्राचं कॉन्फिग एआय खरंच चांगलं लिहून देतं, वापरा. पण वरच्या दोन सीमेवरच्या राउटरचं उदाहरण आठवा, तिथे प्रत्येक राउटरचं कॉन्फिग सुटं बघितलं तर बरोबरच होतं, चूक दोघांच्या मध्ये होती. तुमच्या नेटवर्कमध्ये या घडीला काय चालू आहे ते बघून ही कमांड दिली तर पुढे काय काय हलेल हे एंटर दाबायच्या आधी कुणीतरी सांगू शकायला हवं. २०२१ च्या त्या बंदमध्ये असली चुकीची कमांड अडवणारं तपासणीचं सॉफ्टवेअर होतं हो, कंपनीनेच नंतर लिहिलंय, पण त्या सॉफ्टवेअरमध्ये बग होता आणि त्याने कमांड जाऊ दिली. यंत्राने बनवलेलं यंत्राने तपासलं आणि दोन्ही चुकलं तर ओळखणार कोण?

अभ्यासात मात्र एआयचा चांगला उपयोग आहे. त्याला सांगा की माझ्या लॅबमध्ये टाकायला एक बिघाड सुचव आणि उत्तर देऊ नको. पण बिघाड शोधायच्या वेळी त्याला विचारलंत तर आठवायचा ताण तुमच्यावर पडतच नाही, आणि तो ताण म्हणजेच अभ्यास आहे.

"शेवटी एकाच कंपनीची परीक्षा ना ती?"

परीक्षा एका कंपनीची आहे, कमांड तिच्या आहेत. पण आत जे शिकता त्यातलं बरंच कुणा एकाच्या मालकीचं नाही. ओएसपीएफ आरएफसी २३२८ मध्ये लिहिलेलं आहे, १९९८ चं, बीजीपी आरएफसी ४२७१ मध्ये, २००६ चं. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यात प्रसिद्ध होतात ती कागदपत्रं, कुणालाही फुकट वाचता येतात. ईआयजीआरपी सिस्कोचंच होतं, त्याचाही २०१६ मध्ये आरएफसी निघाला. ज्याला बीजीपी रस्ता कसा निवडतं ते मुळापासून कळलंय तो दुसऱ्या कंपनीच्या राउटरवर काही आठवड्यांत रुळतो. म्हणून अभ्यास करताना कमांड काय हे शेवटी विचारा, पाकिटात काय जातंय हे आधी.

"डम्प मिळतात की, एवढं कशाला करायचं?"

डम्प म्हणजे चोरलेले प्रश्न. परीक्षेआधी तुम्ही करारावर सही करता, तो मोडला तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं आणि पुढे परीक्षा द्यायला बंदी येऊ शकते. आणि समजा नाही पकडलं. नोकरी लागली, रात्री दोन वाजता हॉस्पिटलचं नेटवर्क बसलं, कॉलवर तीसजण आहेत आणि सगळे तुमच्याकडे बघतायत कारण तुमच्या नावापुढे तो नंबर आहे. तिथे कुठला डम्प उघडणार? मला या विषयात चीड येते, कारण त्या नेटवर्कच्या पलीकडे खरी माणसं असतात.

"नापास झालो तर दोन वर्षं पाण्यात?"

पहिल्या वेळी खूप जण नापास होतात, हे प्लॅनमध्ये आधीच धरायला पाहिजे, वेळेतही आणि पैशांतही. म्हणजे लॅबच्या तारखेनंतरचे तीन-चार महिने मोकळे ठेवा, तिथे नोकरी बदलणं, घर बदलणं असलं काही टाकू नका. घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा की कदाचित दोनदा जावं लागेल, नाहीतर ते बिचारे तारखेनंतर सगळं पूर्ववत होईल म्हणून वाट बघत असतात.

नापास झालात तर त्याच संध्याकाळी वही काढा. प्रश्न कुणाला सांगायचे नाहीत, तो करार आहे, पण स्वतःचं लिहायला हरकत नाही, कुठे हात अडखळला, कुठे वेळ गेला, डिझाइनमध्ये मागे जाता येत नाही म्हणून कुठे घाबरून निर्णय घेतला. दोन दिवसांनी यातलं बरंच आठवणार नाही. मग दोन आठवडे पूर्ण सुट्टी, आणि परत सुरू करताना पहिल्या विषयापासून सुरू करू नका, वहीतल्या त्या पानापासून करा. तुमची टाकी भरलेली आहे, आता फक्त गळती भरून काढायची आहे, त्यामुळे आठवड्याचे सहा तासही पुरतात.

पास झाल्यावर

प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. पुढे चालू ठेवायला परत परीक्षा देता येते, किंवा प्रशिक्षणं आणि परिषदांतली सत्रं करून १२० क्रेडिट जमवता येतात. बरेच जण पास झाल्याच्या दिवशी कार्डांचं ॲप काढून टाकतात, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत क्रेडिटसाठी धावतात. ॲप राहू द्या, नवी कार्डं घालू नका, फक्त जुनी येतील तेवढी करा, काही महिन्यांत ती दिवसाला पाच-दहा मिनिटांवर येतात. आणि दर वर्षी चाळीस क्रेडिट असा हिशेब कॅलेंडरमध्ये आत्ताच टाकून ठेवा.